मारलेला लांडगा, विकत घेतलेला लांडगा

2020 च्या सप्टेंबरात जपानच्या होक्काइदो बेटावरील ताकिकावा शहराने वस्तीच्या कडेला दोन लांडगे उभे केले. ते यंत्राचे होते. अंगावर केसाळ कातडे, विचकलेले दात, डोळ्यांच्या जागी लाल दिवे. अस्वल जवळ आले की यंत्राला त्याची चाहूल लागते, मान डावी-उजवीकडे फिरू लागते आणि कर्ण्यातून सुमारे साठ प्रकारचे आवाज निघतात: लांडग्याची आरोळी, माणसांचे ओरडणे, यंत्रांचा खडखडाट. शेजारच्या नाइए गावातील ओहता सेइकी या कारखान्याचे हे उत्पादन. त्याच्या मुखवट्याची घडण पाहता त्याला शिल्प म्हणण्यास कलासमीक्षकांची हरकत नसावी. शेतात बुजगावणे उभे करणाऱ्या कुणब्याला तो मान कोणी दिला नाही, ही गोष्ट वेगळी.

परंतु खरा प्रश्न असा, की या बेटावरील हाडामांसाचा लांडगा गेला कोठे? तेथील मूळ रहिवासी असलेले आइनू लोक लांडग्याला देव मानीत आणि एकाच रानात दोघेही हरणांवर जगत. 1869 साली मेइजी सरकारने वसाहत खाते स्थापून हे बेट ‘विकासा’साठी खुले केले. हरणांची बेसुमार शिकार झाली. त्यांचे मांस डबाबंद करण्याचा सरकारी कारखानाही 1878 मध्ये निघाला. 1879 च्या अतिवृष्ट हिमाने उरलेसुरले कळप गारठून मेले. भुकेला लांडगा सरकारी तबेल्यातील घोड्यांवर पडू लागला, तेव्हा तो गुन्हेगार ठरला. एडविन डन या अमेरिकन सल्लागाराने मांसात स्ट्रिक्नीन घालून तो मारविला. (आपल्या कोकणातील काजऱ्याच्या बीमध्ये असते तेच हे विष.) मुंडक्यामागे बक्षिसे लागली आणि 1890 च्या आत होक्काइदोचा लांडगा संपला.

माणसांचेही फारसे निराळे झाले नाही. ताकिकावा आणि नाइए ज्या सोराची भागात येतात, तो कोळशाचा मुलूख. बाहेरचे तेल स्वस्त पडू लागताच खाणी एकामागून एक बंद पडल्या. याच भागातील युबारी शहरात 1960 च्या सुमारास एक लाखाहून अधिक वस्ती होती. आज ती सात हजारांच्याही आत आहे. माणूस हटला तेथे रान माजले आणि रानामागून अस्वल आले. बंदूक चालविणारे शिकारीही म्हातारे झाले. 2025 साली जपानभर अस्वलांच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसे दगावली, आणि आकिता प्रांतात तर पिंजरे वाहण्यासाठी सैनिक बोलवावे लागले.

यंत्राशी वैर धरण्याचे कारण नाही. एखाद्या म्हातारीचा जीव त्याने वाचत असेल, तर ते अवश्य उभे करावे. आक्षेप आहे तो हिशेबावर. लांडगा मारण्याचा खर्च राज्याने केला, घोड्यांचा आणि कोळशाचा लाभ भांडवलाने घेतला, आणि आता कृत्रिम लांडग्याचे बिल ओसाड पडत चाललेल्या नगरपालिकेने भरायचे! शिवाय अस्वल काही खुळे नव्हे. तोच तो आवाज ऐकून ते सरावते, म्हणूनच तर उत्पादकाला इतके आवाज भरावे लागले. वस्तीलगतचे रान साफ करणे, बेवारशी फळझाडांची फळे उतरविणे, शिकाऱ्याला धडपणे मजुरी देणे या कामांना माणसे लागतात, आणि सोराचीत माणसे राहावीत अशी तजवीज खाणी बंद करताना कोणी केलेली नव्हती.