रंग बिघडला, दोष कोणाचा?

नाडी पाहिल्यावाचून वैद्य पुडी बांधीत नाही. डार्करूममध्ये रंगीत प्रिंट काढणाऱ्यानेही निदानापूर्वी उपायास हात घालू नये. प्रिंट बिघडली की फिल्टर फिरवावा, प्रकाश देण्याची वेळ बदलावी, रसायनही नवे करावे, असे सारे उपाय एकदम करण्याकडे मनाचा कल होतो. मग सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे उमगत नाही. घरोघरच्या जुन्या निगेटिव्ह पुन्हा बाहेर निघत आहेत आणि काही हौशी मंडळी स्वहस्ते प्रिंट काढू पाहत आहेत; म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

पहिला प्रश्न प्रिंटच्या कडेला विचारावा. कागदाच्या ज्या चौकटीवर एन्लार्जरचा प्रकाश पडलेला नसतो, ती शुभ्र आहे काय? चौकट शुभ्र असून चित्रावरच छटा चढली असेल, तर दोष बहुधा फिल्टरच्या प्रमाणात आहे. चौकटीलाच रंग चढला असेल, तर फिल्टर कितीही फिरवले तरी व्यर्थ. तेथे कागद जुना झाला असेल, खोलीत कोठून तरी उजेड शिरत असेल, अथवा डेव्हलपरमध्ये ब्लीच-फिक्सचे थेंब मिसळले असतील. एक कोरा कागद गडद अंधारात थेट रसायनांतून काढून पाहावा. तो शुभ्र निघाला, तर उजेडाचा शोध घ्यावा. डागाळला, तर कागद आणि रसायन यांची झडती घ्यावी.

आता फिल्टरचे गणित. रंगीत कागदात तीन थर असतात. निळ्या प्रकाशाने पिवळा रंग उमटतो, हिरव्या प्रकाशाने मॅजेंटा म्हणजे किरमिजी, आणि तांबड्या प्रकाशाने सायन म्हणजे हिरवट निळा. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवितो, म्हणून कागदावरचा पिवळेपणा कमी होतो. नवशिक्यास हे उलटे वाटते. पण निगेटिव्हवरून प्रिंट काढताना नियम असाच आहे की, जी छटा अधिक झाली, त्याच रंगाचा फिल्टर वाढवावा. चित्र किरमिजी दिसले तर मॅजेंटा वाढवावा. तांबडे दिसले तर पिवळा आणि मॅजेंटा दोन्ही वाढवावेत. हिरवे दिसले तर मॅजेंटा कमी करावा. निळे दिसले तर पिवळा कमी करावा. सायन फिल्टर सहसा शून्यावरच ठेवावा, कारण तिन्ही एकत्र आले की रंग न बदलता केवळ प्रकाश घटतो. किंचित छटेस ५ अंक, ठळक छटेस १० ते २० अंक पुरतात. मात्र आधी प्रिंटची गडद-फिकी पातळी साधावी, मग रंगाकडे वळावे.

ओल्या प्रिंटवरून निवाडा देऊ नये. ओलेपणी तिच्यावर निळसर झाक असते. वाळल्यावर ती जाते. तसेच ट्यूबलाइटखाली न पाहता खिडकीच्या उजेडात पाहावे. अंक तेच ठेवूनही दुसऱ्या प्रिंटचा रंग बदलला, तर तापमान आणि वीज या दोहोंकडे संशयाने पाहावे. प्रचलित आरए-४ पद्धतीत डेव्हलपर ३५ अंश सेल्सिअसवर ४५ सेकंद चालतो. त्यात ढिलाई खपत नाही. व्होल्टेज उतरले की दिव्याचा उजेड तांबूस आणि मंद होतो, आणि प्रिंट फिकी पडून सायनकडे झुकते. आपल्याकडे स्टॅबिलायझर ही चैन नव्हे. पट्टे किंवा गुलाबी डाग दिसल्यास रसायन नीट हलविले गेले नाही, किंवा डेव्हलपर निथळू न देता कागद ब्लीच-फिक्समध्ये गेला, असे समजावे. मध्ये सौम्य आम्लाचे स्टॉप बाथ ठेवल्यास हा दोष बराच टळतो. हातमोजे आणि खेळती हवा यांचा विसर पडू देऊ नये.

या निदानाचे मोल किती, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या परिचयाच्या एका भगिनीने १९८४ सालच्या लग्नातील निगेटिव्ह आणली. तिच्या दिवंगत आईचे ते एकुलते एक रंगीत छायाचित्र. अल्बममधील प्रिंट तांबूस होऊन गेली होती, आणि एका दुकानदाराने ‘निगेटिव्ह गेली’ म्हणून ती परत केली होती. आम्ही काढलेल्या पहिल्या प्रिंटमध्ये चेहरा हिरवा उमटला, पण चौकट शुभ्र होती. म्हणजे रसायन निर्दोष. मॅजेंटा १० अंकांनी उतरविला, त्यामुळे वाढलेला गडदपणा वेळ घटवून सावरला. चेहरा पिवळट राहिला म्हणून पिवळा ५ अंकांनी वाढविला. तिसऱ्या प्रिंटमध्ये त्वचा नैसर्गिक दिसू लागली. तरी पदराच्या गडद निऱ्यांत हिरवी झाक आणि वेणीच्या पांढऱ्या फुलांत गुलाबी झाक उरलीच. छायेत एक आणि उजेडात तिच्या विरुद्ध छटा असली की समजावे, निगेटिव्हमधील रंगद्रव्ये असमान विटली आहेत. यावर डार्करूमच्या फिल्टरपाशी औषध नाही. अशा वेळी काय राखायचे ते ठरवावे लागते. आम्ही चेहरा राखला. प्रिंट खिडकीपाशी धरून ती भगिनी बराच वेळ पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, “कुंकू आईचंच आहे.”

वाचकांना आमची विनंती एवढीच की, अल्बममधील चित्र विटले म्हणून निगेटिव्हची पाकिटे टाकू नयेत. ती कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवावीत आणि पाकिटावर साल व माणसांची नावे लिहावीत. ज्यांना प्रिंट काढण्याची हौस आहे, त्यांनी प्रत्येक प्रिंटच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने फिल्टरचे अंक, वेळ आणि तापमान नोंदवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.