जमाखर्च : युरोला शंभरने गुणण्याआधी



गेल्या दिवाळीत बर्लिनच्या एका कंपनीकडून मला नोकरीचं पत्र आलं. पगार वर्षाला ६०,००० युरो. मी लगेच शंभरने गुणलं आणि साठ लाखांचा आकडा घरभर फिरला. इथे नवनगरात घरून काम करून मला १८ लाख मिळतात. बाबांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं, "हातात किती पडतात, आणि महिनाअखेर उरतात किती?" त्यांची उभी हयात अमरगोळच्या बाजार समितीत हिशेब लिहिण्यात गेली. मग त्यांच्याच वहीत दोन रकाने आखले.

पहिला रकाना नवनगरचा. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १८ लाखांवर उपकरासह १,५०,८०० रुपये आयकर. पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता महिन्याला साधारण १,३५,००० हातात.

दुसरा बर्लिनचा. तिथे आयकराआधी सामाजिक विम्याची वर्गणी : निवृत्तिवेतन ९.३ टक्के, बेकारी १.३, शिवाय आरोग्य आणि शुश्रूषा विमा. सगळी मिळून जवळजवळ २१ टक्के, आणि जवळपास तेवढीच मालक भरतो. आमच्यात कमावता मी एकटाच, म्हणून जोडप्याच्या सवलतीने २०२५ च्या दरांनी आयकर कमी, पाच हजार युरोंच्या आसपास. हातात महिन्याला ३,५००, वर मुलीसाठी सरकारी भत्ता २०२५ मध्ये २५५ होता.

आता खर्च. बर्लिनला हीटिंगसह घरभाडं १,६००, किराणा ६५०, दोघांचे प्रवास पास २०२५ च्या दराने ११६, वीज-फोन-इंटरनेट २००, इतर ३००. बालवाडीला फी नाही, फक्त जेवणाचे २३ युरो. वर्षातून एकदा गावी यायचं तर महिन्याला २०० बाजूला. उरतात साडेसहाशेच्या वर, म्हणजे सुमारे ६६,००० रुपये.

इथे घर बाबांचं, भाडं नाही. किराणा, शाळा, पेट्रोल, आई-बाबांची औषधं, चिगरीने धारवाडच्या फेऱ्या, सगळं धरून ६५,०००. उरतात ७०,०००!

पगार तिप्पट, शिल्लक जवळपास तेवढीच. मी खुशीत वही मिटणार, तोच बाबा म्हणाले, "थांब. उद्या तुझी नोकरी गेली तर?"

इथे हिशेब फिरला. बर्लिनला दोन वर्षं वर्गणी भरलेल्या, मूल असणाऱ्या माणसाची नोकरी गेली, तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के भत्ता वर्षभर मिळतो. आजारी पडला तर सहा आठवडे पूर्ण पगार. म्हणजे ते २१ टक्के नुसते कापले जात नाहीत, त्यातून काही विकत घेतलं जातं. माझ्या ७०,००० मध्ये ते सगळं मलाच विकत घ्यायचं आहे, आणि आजवर मी त्यातलं काहीच घेतलं नव्हतं. उलट त्या शिलकीवर नवी गाडी बघत होतो.

बर्लिनला नकार कळवला. बाबांची बायपास झालेली, आईचे गुडघे. ती बाजू कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पण त्याच महिन्यापासून जर्मन वर्गणी मी स्वतःकडूनच वसूल करतो : पगार जमा झाला की २१ टक्के, म्हणजे २८,००० रुपये वेगळ्या खात्यात. आधी सहा महिन्यांचा घरखर्च, मग आरोग्य विमा, मग म्हातारपण.

गाडी लांबली. बाबा मात्र दर महिन्याला वही उघडून विचारतात, "वर्गणी भरलीस का रे?"

तुमच्याकडे असं पत्र आलं तर गुणाकार जरूर करा, पण आधी दोन रकाने आखा. आणि राहिलात इथेच, तर तिसराही.

भेटूच पुढच्या अंकात.