काळ्या मातीतला एक किलोमीटर

दर्यापूर, भातकुली, तेल्हाऱ्याकडच्या काळ्या मातीतून जुलैत एकदा चालून पाहा. वीस पावलांत चप्पल मणाची होते. ती काढून हातात घ्यावी लागते. मग पाय पिंडरीपर्यंत रुततो आणि पांदणीच्या काठची झुडपे धरत पुढे सरकावे लागते. एक किलोमीटर जायला मोठ्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो. पाठीवर दप्तर असलेल्या सहा वर्षांच्या पोराचे काय होत असेल? कागदावर मात्र तो ‘एक किलोमीटर’च असतो. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत न्यावे, हा विचार त्या कागदावर जन्मला आहे. मी त्याच्या विरोधात आहे, आणि वऱ्हाडातल्या ज्या गावांनी आपली शाळा वाचवायला कंबर कसली आहे, त्यांच्या बाजूने आहे.

हे संकट अचानक आलेले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवणारे पत्र निघाले आणि पानशेत, तोरणमाळ इथल्या समूह शाळांचे नमुने पुढे ठेवले गेले. वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा राज्यात आहेत, असा आकडा तेव्हा चर्चेत आला. आम्ही बंद करत नाही, एकत्र करतो, असे सांगितले जाते. पण ज्या गावच्या शाळेला कुलूप लागते, त्या गावाला या दोन शब्दांतला फरक कसा कळावा?

समूह शाळेच्या बाजूचा पहिला मुद्दा वजनदार आहे. सहा मुलांत शाळा कशी भरणार? कबड्डीला गडी पुरत नाहीत आणि एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात. यातला एकशिक्षकी शाळेचा त्रास मला मान्य आहे. गुरुजी पंचायत समितीत बैठकीला गेले की त्या दिवशी शाळाच नसते. पण या दुखण्याचे औषध दुसरा शिक्षक हे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिलेत. पण दुसरे पद रिकामे राहते, असलेल्या गुरुजींना निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले जाते. शिकवणे होत नाही म्हणून आईबाप लेकरू काढून नेतात, पट घसरतो, आणि मग तोच घसरलेला पट शाळा बंद करायला कारण म्हणून दाखवला जातो. आधी पाणी तोडायचे आणि झाड वाळले म्हणून कुऱ्हाड चालवायची, असा हा व्यवहार आहे.

वाशीम जिल्ह्यातल्या गणेशपूरच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी जानेवारी २०२३ मध्ये देशभर गेली. दीडशे वस्तीचे गाव, शाळेत एकच विद्यार्थी, आणि त्याच्यासाठी रोज बारा किलोमीटरवरून येणारे शिक्षक. एका मुलाच्या शाळेत उणिवा असणारच. तरीही त्या मुलाचा हक्क त्याच्या गावात पोचवला गेला, आणि तो पोचवता येतो हे वऱ्हाडानेच दाखवून दिले.

खर्चाच्या मुद्द्याला मी फार जागा देणार नाही. शाळा बंद झाली तरी गुरुजींचा पगार वाचत नाही, कारण त्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. वाचते ते पुढे कधीच न भरले जाणारे पद. म्हणजे ही बचत डी.एड. करून भरतीची वाट पाहणाऱ्या पोरापोरींच्या खिशातून होते.

मुलांना गाडी देऊ, हा तिसरा मुद्दा. शाळेच्या बैठकीत वऱ्हाडातली माय पहिला प्रश्न हाच विचारते : “सायेब, नाल्याले पूर आला त माह्या पोरीले घरी कोन आनन?” याचे उत्तर गाडीच्या योजनेत नाही. २०२१-२२ च्या संपात एसटी कितीतरी महिने खेड्याकडे फिरकली नव्हती. मुलींच्या मोफत पासाची अहिल्याबाई होळकर योजना पाचवीपासून लागू होते. पहिली-दुसरीतले पोर एकट्याने प्रवास करील, असे तिथेही कुणी धरलेले नाही. म्हणूनच पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे राज्याच्या नियमांत लिहिले आहे. ज्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा हवाला दिला जातो, ते २०२० चे धोरणही शाळांचे एकत्रीकरण अतिशय जपून आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्याला धक्का लागणार नसेल तरच करा, असे बजावते. कोठारी आयोगाने सुचवलेल्या शाळासंकुलातही शाळा आपापल्या गावीच राहतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, विषयांचे शिक्षक तेवढे त्यांनी वाटून घ्यायचे असतात. अशा समूहाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. चित्रकलेचे सर आठवड्यातून एकदा पाच गावांत जाऊ शकतात. पाच गावांतल्या चिमुकल्यांनी रोज सरांकडे का जावे?

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. गावचीच माणसे लेकरांना तालुक्याच्या कॉन्व्हेंटात घालतात, हा आक्षेप खरा आहे. मोर्चात पुढे चालणाऱ्याचे पोर सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसत असेल, तर त्याच्या घोषणेला बळ कुठून येणार? शाळा वाचवणाऱ्याने आधी स्वतःच्या घरचे नाव शाळेच्या दाखल रजिस्टरात लिहावे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. पण कॉन्व्हेंटची फी भरू न शकणाऱ्या मजुराच्या लेकराला या कारणासाठी शिक्षा होता कामा नये. गावशाळेत शेवटी उरते ते त्याचेच लेकरू.

अमरावतीच्या विद्यापीठाला शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचे नाव आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पापळच्या पंजाबराव देशमुखांचे. पंजाबरावांची पाटी पापळच्या गावशाळेत सुरू झाली. पुढे ते विलायतेला जाऊन शिकून आले, १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि देशाचे कृषिमंत्री झाले. या माणसांच्या मुलखात गावशाळा ओझे ठरावी, हे मला सहन होत नाही.

लढायची साधने गावाच्या हातात आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. ही समिती पुष्कळ गावांत नुसती सह्यांपुरती उरली आहे, तिला जागे करावे लागेल. मेळघाटातले धारणी आणि चिखलदरा तालुके तर आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतात, तिथल्या ग्रामसभेच्या ठरावाला वेगळे वजन आहे. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दरेवाडीची आदिवासी मुले बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली होती. शाळा नसेल तर दप्तर परत घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, ही त्यांची मागणी होती. दरेवाडीच्या मुलांवर जी वेळ आली, ती मेळघाटातल्या कोरकू मुलांवर येऊ द्यायची नसेल, तर कुलूप लागण्याआधीच हालचाल करायला हवी.

शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणजे हातात तीन महिने मिळतात. अंगणवाडीच्या ताईंकडून सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांची यादी घ्या. समितीतल्या दोन बायांनी आणि गुरुजींनी मिळून संध्याकाळी, वावरातून माणसे परतल्यावर, एकेका घरी जाऊन बसावे. परगावी कामाला जाणाऱ्या कुटुंबाचे लेकरू मागे कोणाकडे राहील, हे त्याच ओसरीवर ठरवा. आणि उठण्याआधी दाखल्याच्या अर्जावर आईची सही घ्या.