शनिवार-रविवारच्या मालिका आणि आपली मालवणी

रविवारची संध्याकाळ. बातम्या पाठवून घरी आलो तर आई टीव्हीसमोर. नव्या मालिकेचा महाएपिसोड सुरू. गोष्ट कोकणातली, म्हणून मीही टेकलो. समुद्र, माड, कौलारू घर, तुळस, सगळं जागच्या जागी होतं. दहा मिनिटांनी आई म्हणाली, "ह्यो शिकवल्यासारखो बोलता रे. ह्येच्या घरात कोण मालवणी बोलत नसतला."

मंडळी, यापेक्षा नेमकं परीक्षण मला जमणार नाही. तरी लिहितो, कारण गेले दोन-तीन शनिवार-रविवार मी ठरवून या नव्या मालिका बघितल्या.

पहिलं गाऱ्हाणं लांबणीचं. तासाभराचा महाएपिसोड, पण गोष्ट सरकते दोन पावलं. बाकी सगळे एकमेकांकडे बघत उभे. याचा दोष लेखकांना देणार नाही. आठवड्याला सहा भाग, काही मालिकांना तर सातही दिवस. रोज पाट्या टाकायच्या म्हटल्यावर कोणाचंही असंच होणार. दूरदर्शनचे 'चिमणराव' आठवा, नंतरचे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. दोन्हींत दिलीप प्रभावळकर, आणि टिपऱ्यांची भेट आठवड्यातून एकदाच. लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ मिळायचा आणि आपल्याला वाट बघायला.

दुसरं गाऱ्हाणं भाषेचं, आणि ते जास्त लागतं. नायक-नायिका पुस्तकी मराठीत प्रेम करणार आणि मालवणी कोणाच्या तोंडी? घरगडी, बेवडा, नाहीतर चहाड्या करणारी शेजारीण. 'वस्त्रहरण'ने १९८० पासून मालवणीला महाराष्ट्रभर नेलं, मच्छिंद्र कांबळींचे ते उपकार फिटणारे नाहीत. पण इतक्या वर्षांनीही आमची भाषा फक्त हसण्यापुरतीच?

'रात्रीस खेळ चाले' इथे वेगळी होती, हे मान्य करायलाच हवं. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रीकरण झालं. अण्णा नाईक मालवणीत दरडावायचे तेव्हा कोणी हसत नव्हतं. पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही होते, म्हणून बोलणं कानाला खरं लागायचं. पहिला भाग फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरात संपलासुद्धा. २०१९ चा दुसरा भाग अण्णा-शेवंतावर चालला. २०२१ चा तिसरा मात्र मला ओढूनताणून वाटला. भुताखेतांमुळे कोकणची बदनामी होते, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. भुतं दाखवा हो, पण माणसंही दाखवा.

एक योगायोग सांगतो. ही मालिका सुरू झाली २२ फेब्रुवारी २०१६ ला. त्याच महिन्यात, ५ तारखेला, राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला होता. पारंपरिक मच्छीमार त्यासाठी किती वर्षं भांडत होते, हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. रापण ओढणारे हात, कर्जावर घेतलेली होडी, एकाच घरात एक भाऊ रापणीवर आणि दुसरा पर्ससीनवर. यापेक्षा मोठं नाट्य कुठल्या लेखकाला हवं? पण ते अजून कुठल्या महाएपिसोडात मला दिसलेलं नाही. सातबाऱ्यावर बावीस नावं असलेलं बंद घर दिसत नाही. मे महिन्यापुरते येणारे चाकरमानी आणि त्यांची वाट बघणारी म्हातारी दिसत नाही. आमच्याकडचं फक्त नेपथ्य नेतात.

याने बिघडतं काय? माझी भाची सातवीत आहे. परवा मी फोनवर मालवणीत बोलत होतो तर हळूच म्हणाली, "मामा, मैत्रिणी आल्यात, नीट बोल ना." नीट म्हणजे काय, हे तिला शाळेने शिकवलं की टीव्हीने, मला सांगता येणार नाही. पण रोज संध्याकाळी ती टीव्हीवर बघते की मालवणी बोलणाऱ्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. मला त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून वाहिन्यांकडे एकच मागणं. शनिवार-रविवार आमच्यासाठी ठेवा. दोनच भाग, पण लिहून पुरे झालेले. वीस-पंचवीस भागांत गोष्ट संपवा. आमचं दशावतारी नाटक एका रात्रीत संपतं, तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. कलाकार इथलेच घ्या, नाहीतर निदान बोलणं तपासायला गावातली एखादी आजी बसवा. आमची आई फुकट येईल.

तुमच्या घरात शनिवार-रविवारी काय लागतं? आणि मालवणीत मालिका काढायची झाली तर पहिली गोष्ट कोणाची सांगाल? खाली लिवा. आणि मालवणीतच लिवा, लाजा नको.