विश्लेषण : नवोदित बार्न्स की मुरलेला सियाकम? तुलना नेमकी कुठे फसते?

एनबीएचा २०२१-२२चा हंगाम सुरू झाला तेव्हा टोरोंटो रॅप्टर्सचा फॉरवर्ड पास्कल सियाकम खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे संघाबाहेर होता. त्याच्या गैरहजेरीत २० वर्षांच्या स्कॉटी बार्न्सने आपल्या दुसऱ्याच सामन्यात बोस्टनविरुद्ध २५ गुण आणि १३ रिबाउंड केले. सियाकम नोव्हेंबरमध्ये परतला, तोवर प्रश्न सुरू झाला होता: दोघेही फॉरवर्ड, दोघांनाही चेंडू हातात हवा, मग संघ कुणाभोवती उभारायचा?

आकडे काय सांगतात?

त्या हंगामात बार्न्सने सामन्यागणिक सरासरी १५.३ गुण आणि ७.५ रिबाउंड मिळवले, तर सियाकमने २२.८ गुण आणि ८.५ रिबाउंड. बास्केटवर मारलेल्या चेंडूंपैकी आत गेलेल्यांचे प्रमाण मात्र जवळपास सारखे होते. बार्न्स ४९.२ टक्के, सियाकम ४९.४ टक्के. म्हणजे पोरगा आत्ताच दादाच्या बरोबरीला आला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

इथेच फसगत होते. सियाकम सामन्यात १८च्या आसपास फटके मारत होता, बार्न्स साडेबाराच्या आसपास. शिवाय प्रतिस्पर्धी संघ आपला सर्वात चिवट बचावपटू सहसा सियाकमच्या अंगावर सोडत. वेळ संपत आली आणि काहीच जमत नसले की चेंडू त्याच्याकडेच जाई आणि समोर दोन-दोन जण उभे असताना त्याला तो मारावा लागे. बार्न्सचे बरेच गुण वेगवान प्रतिहल्ल्यातून आणि आपल्याच संघाचे हुकलेले चेंडू उचलून आले. ती कमाई कमी दर्जाची नव्हे. पण तिची जात वेगळी. नव्या चेंडूसमोर सलामीला येणाऱ्याची ४० आणि शेवटच्या षटकांत फटकेबाजी करणाऱ्याची ४० धावफलकावर सारखीच दिसते, तसेच हे.

त्यामुळे नवख्या खेळाडूचा टक्का पाहताना मी आधी विचारतो, की समोर कोण उभा होता? संघात दुसरा कुणीतरी भार उचलतो आहे म्हणून याला मोकळी जागा मिळते का? बार्न्सच्या बाबतीत उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असे होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यालाच मिळाला, क्लीव्हलंडच्या इव्हान मोब्लीपेक्षा जेमतेम १५ गुणांनी पुढे राहून. पुरस्कार योग्यच होता. पण त्यावरून तो सियाकमची जागा घेईल, असा अर्थ काढणे घाईचे होते.

पहिले वर्ष किती खरे?

उलट बाजूनेही पाहू. कॅमेरूनमधल्या डुआलाचा सियाकम बास्केटबॉलकडे बराच उशिरा वळला. २०१६च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड २७वी होती. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती अवघी ४.२ गुण, आणि त्याच मोसमात त्याला रॅप्टर्सच्या दुय्यम संघातही पाठवले गेले. पदार्पणाची वर्षे शेजारी ठेवली तर बार्न्स कितीतरी पुढे दिसतो. पण तिसऱ्या हंगामात सियाकमने १६.९ गुणांची सरासरी गाठली, सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार पटकावला आणि त्याच वर्षी, २०१९मध्ये, रॅप्टर्स विजेते झाले.

बार्न्सचे काय झाले? दुसऱ्या हंगामात त्याची सरासरी पुन्हा १५.३च राहिली आणि नेमबाजीचा टक्का ४५.६वर घसरला. लगेच ‘थांबला, थांबला’ अशी ओरड. मला ती अन्यायकारक वाटली, कारण त्याचे असिस्ट वाढले होते. तिसऱ्या हंगामात तो १९.९ गुणांवर गेला आणि ऑल-स्टार सामन्यात खेळला.

निवड करावी लागलीच का?

करार संपत आलेल्या खेळाडूबाबत क्लबला निर्णय घ्यावाच लागतो. सियाकमचा करार २०२४च्या उन्हाळ्यात संपणार होता. जानेवारी २०२४मध्ये टोरोंटोने त्याला इंडियानाला दिले आणि बदल्यात खेळाडू व पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट हक्क घेतले. सात वर्षांनी तरुण असलेल्या बार्न्सवर बाजी लावणे वयाच्या हिशेबाने चुकीचे नव्हते. माझा आक्षेप वेगळा आहे. दोघांना एकाच तराजूत घालून ‘हा की तो’ असे विचारताना, एकामुळे दुसऱ्याला किती जागा मिळते, हे वजन तराजूत आलेच नाही. टोरोंटोने तो हंगाम २५ विजय आणि ५७ पराभवांवर संपवला. दुखापतींचाही त्यात मोठा वाटा होता, हे खरे. इंडियाना मात्र २०२५मध्ये अंतिम फेरीत पोहोचली आणि सातव्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीकडून हरली. त्याआधी न्यूयॉर्कविरुद्धच्या पूर्व विभागाच्या निर्णायक मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला होता तो ३१ वर्षांचा सियाकम.