चार दिवसांचं युद्ध आणि वर्षभराची आघाडी

७ मे २०२५ ची सकाळ आठवून बघा. डोळे उघडून फोन हातात घेतला, तर सगळीकडे एकच बातमी : 'ऑपरेशन सिंदूर'. दुपारपर्यंत तुमच्या निम्म्या मित्रांच्या स्टेटसला तिरंगा लागला होता. ९ तारखेला आयपीएल थांबलं, १० तारखेला गोळीबार थांबला. आठवडाभरात कट्ट्यावर पुन्हा परीक्षेच्या टाइमटेबलची चर्चा सुरू झाली.

त्या चार दिवसांत आपल्या सातारा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला महाबळेश्वरात ऐन सीझन होता. त्याच जिल्ह्यात अशीही गावं आहेत, जिथं घरटी एक माणूस फौजेत आहे. लष्करातल्या सुट्ट्या रद्द होऊन जवानांना परत बोलावणी येत होती, तेव्हा या गावांमधल्या टीव्हीसमोर कुणी चॅनल बदलत नव्हतं.

यात महाबळेश्वरकरांची काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकू. युद्धाच्या काळात दुकान उघडं राहणं, मजुराला मजुरी मिळणं, भाजीचा टेम्पो वेळेवर पोचणं हीसुद्धा देशाला मदतच असते. प्रश्न वेगळा आहे. युद्ध 'देश' लढतो असं आपण म्हणतो, पण त्याचं ओझं नेमकं किती घरांवर पडतं?

एका गावातून ४६

साताऱ्यापासून थोड्या अंतरावर अपशिंगे नावाचं गाव आहे. कागदोपत्रीही त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान मारले गेले. ब्रिटिश सरकारनं गावात स्मारक उभारलं आणि 'मिलिटरी' हा शब्द गावाच्या नावालाच चिकटला. त्या युद्धात भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सुमारे ७४ हजार परत आलीच नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होत्या. कुत-अल-अमारा इथं त्या १४७ दिवस वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीनं शरण गेल्या.

आता गावाकडून हे चित्र बघा. घरातला कर्ता माणूस कुठं आहे, जिवंत आहे का, हे महिनोन् महिने कळायचं नाही. पेरणी, काढणी, जनावरं, सावकार, म्हाताऱ्यांचं औषधपाणी, सगळं बायकांवर. महागाई वाढलेली. त्यात १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. स्मारकावर आकडा मेलेल्यांचा लिहितात, मागं राहिलेल्यांचा लिहीत नाहीत.

पाऊस आणि पलटण

सातारच्या रक्तातच शौर्य आहे, असं भाषणात ऐकायला बरं वाटतं. पण जरा नकाशा उघडा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण तालुक्यात जा, तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक! माण-खटावच्या कोरडवाहू शेतीवर घर चालणं अवघड. मग पोरांपुढं दोन वाटा असायच्या. एक मुंबईच्या गिरणीत जायची, दुसरी पलटणीत. दोन्हीकडून घरी यायची ती मनीऑर्डर.

शौर्य खोटं आहे, असा याचा अर्थ नाही. पण फौजेत कोण जातं, हे शेत किती पिकतं यावरही ठरतं. आजही पहाटे रस्त्याच्या कडेनं भरतीसाठी पळणारी पोरं बघा. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी बागायत नसते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. घरची आघाडी सरकारच्या मागं आपोआप उभी राहत नाही. दुसऱ्या महायुद्धात याच जिल्ह्यातली (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भागही त्यात होता) हजारो मुलं इंग्रजांच्या फौजेत होती. त्याच वेळी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगावी न्यायनिवाडे करत होतं. ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं कराडजवळच्या शेणोलीला सरकारी पगाराची रोकड नेणारी रेल्वे लुटली. युद्ध आपलं आहे का, आणि ते आपल्याला विचारून चाललंय का, हा प्रश्न लोकांनी तेव्हाही विचारला होता.

ओझं वाटून घेतलं तेव्हा

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला. नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तुम्ही शाळेत ऐकलं असेल. यशवंतराव मूळचे देवराष्ट्रेचे, कर्मभूमी कराड. म्हणजे आपल्याच मातीतले. पण त्या काळातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढारी कोण होता ही नाही. ओझं कसं वाटलं गेलं, ही आहे.

राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला, तेव्हा बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. १९६३ पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ पर्यंत होती. तुमच्या आजोबांनी तेव्हा डिग्री केली असेल तर त्यांना परेडबद्दल विचारा, तासभर सांगतील. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, कारण देशात धान्य कमी होतं. सोमवारी संध्याकाळी कित्येक घरांत चूल पेटत नव्हती.

यातलं सगळंच आज करावं, असं नाही. सक्तीच्या परेडनं किती फायदा झाला, यावर वाद घालता येईल. पण जवान ज्यांच्या घरात नव्हता, त्यांनाही युद्धाची थोडी झळ लागत होती. आज ती झळ लागत नाही. युद्ध छोटं असतं, मोबाइलवर दिसतं आणि काळजी फक्त काही घरांच्या वाट्याला येते.

ती काळजी युद्ध संपल्यावर संपते, असंही नाही. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाले. तेव्हा कुठलंही युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. दोन लहान मुलं पदरात असताना त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी परीक्षा दिली, खडतर ट्रेनिंग घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. आपण त्यांना सॅल्यूट करतो, करायलाच हवा. पण प्रत्येक वीरपत्नीला अशी झेप घेणं शक्य नसतं. पेन्शनचे कागद, मुलांच्या फिया, जमिनीची वाटणी यांत तिची वर्षं जातात. घरची आघाडी ती तिथं लढत असते.

मग आपण काय करायचं?

पहिलं, तोंड आणि फोन सांभाळायचा. मे २०२५ मध्ये व्हिडिओ गेममधल्या क्लिप खऱ्या हल्ल्याच्या म्हणून फिरल्या. टीव्हीवरही नुसत्या अफवा बातम्या म्हणून चालल्या. सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका, असं सरकारला सांगावं लागलं. गावातला मित्र ड्युटीवर निघाला, तर त्याच्या रेल्वेचं नाव टाकून रील करणं म्हणजे त्याच्याच जिवाशी खेळ. फॉरवर्ड करण्याआधी पाच मिनिटं थांबा. घरी आईनं ती क्लिप बघितली तर तिचं काय होईल, एवढा विचार पुरे.

दुसरं, शिकलात त्याचा उपयोग करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. तिथल्या योजनांचे अर्ज भरताना गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांची दमछाक होते. एनएसएसच्या एका गटानं महिन्यातून एक दिवस हे काम घेतलं, तरी शंभर स्टेटसपेक्षा जास्त होईल. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. त्या दिवशीचा निधी माजी सैनिक आणि शहीद कुटुंबांसाठी जातो. कॉलेजात डबा फिरतो, तेव्हा सुट्टे नाहीत म्हणू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते तुमच्याच वयाच्या मुलांचं आहे. अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होणार. बाकीची सेवा निधीची रक्कम घेऊन घरी येणार, पेन्शनशिवाय. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. म्हणजे तुम्ही डिग्री घ्याल, तेव्हा तुमचाच शाळेतला बेंचमेट पंचविशीच्या आत 'माजी अग्निवीर' होऊन गावात नोकरी शोधत असेल. त्याची राहिलेली डिग्री पुरी व्हायला कॉलेज मदत करणार का? इथले कारखाने, बँका, महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं त्याला काम देणार का? हे प्रश्न आत्ताच विचारा. कॉलेजच्या प्राचार्यांना विचारा, मतं मागायला येणाऱ्या उमेदवारालाही विचारा.

गोळीबार सुरू असतो तेव्हा सगळेच जवानाच्या पाठीशी असतात. तो शांतपणे घरी परत येतो, कागदांची फाइल घेऊन रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या मागं किती जण उभे आहेत ते मोजा. आपल्या भागाची आघाडी किती भक्कम आहे, ते तेवढ्यावरून कळेल.