आठवण ठेवायची कुणी?

आमच्या अंबाडीत एखादा माणूस चावी विसरला, हातातले काम टाकून दुसरेच घेऊन बसला, की त्याला लगेच नाव पडते. वेंधळा, धांदरट, बेजबाबदार! माझ्या दादाला ही तिन्ही नावे पडली आहेत. पण मला लिहायचे आहे ते माझ्या वहिनीला पडलेल्या नावाबद्दल. तिला म्हणतात, "हिचे नवऱ्याकडे लक्ष नाही."

दादा एकतीस वर्षांचा, भिवंडीच्या एका गोदामात कामाला. बंद पडलेली मोटारसायकल तो चार तास तहानभूक विसरून दुरुस्त करील. पण विहिरीवरचा पंप बंद करायचे त्याच्या ध्यानात राहणार नाही. चार वर्षांत तीन नोकऱ्या गेल्या. कामात तो कधी कमी पडला नाही, वेळ मात्र कधी पाळता आली नाही.

गेल्या पावसाळ्यात वहिनी आजारी आईला पाहायला वाड्याला गेली होती. मुलीला शाळेतून आणायचे काम दादाकडे होते. वाटेत नाक्यावर कुणाची तरी गाडी बंद पडलेली दिसली आणि दादा तिथेच बसला. पोर दिवेलागणीपर्यंत शाळेच्या ओट्यावर एकटी रडत होती. रात्री वहिनी परत आली, तेव्हा आई तिलाच म्हणाली, "तो कसा आहे हे तुला ठाऊक आहे ना? मग फोन करून आठवण का नाही केलीस?"

वहिनी गप्प राहिली. मीही गप्प राहिले. मग भांडी घासताना ती मला म्हणाली, "ताई, माझ्या डोक्यात दोन माणसांचं डोकं आहे. मी कधी विसरायचं?"

त्यानंतर तिनेच हट्ट धरून दादाला ठाण्याला डॉक्टरांकडे नेले. ठाण्याला मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे. त्यामुळे आमच्याकडे 'ठाण्याला नेला' म्हटले की लोक हसतात. दादालाही हसले. डॉक्टरांनी बराच वेळ विचारपूस केली आणि सांगितले, हा एडीएचडी आहे. म्हणजे अवधानाची कमतरता व अतिचंचलता. अशा माणसाला लक्ष नसते असे नाही. ते हवे तिथे वळवता येत नाही. वेळेचा अंदाज चुकतो, मनात धरलेली गोष्ट निसटते. हे बुद्धीवर अवलंबून नाही आणि बहुधा वंशपरंपरेने येते.

"पूर्वी कुठे होती ही असली थेरं?" असे आमचे बाबा म्हणाले. पूर्वीही होती! अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी अवधानाच्या अशा दोषाबद्दल १७९८ सालीच लिहिले होते. १९०२ साली जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. पुढे कितीतरी वर्षे समजूत अशी होती की मूल मोठे झाले की हे आपोआप जाते. पुष्कळांचे जात नाही. म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठीही निकष दिले आहेत. त्यात एक अट अशी, की काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत. दादाच्या हातावर शाळेत किती छड्या बसल्या, ते आठवून मला वाईट वाटले. 'पुष्पा' चित्रपटातला पोलीस अधिकारी आठवतो ना? ते काम करणाऱ्या फहाद फासिल यांनी २०२४ साली जाहीरपणे सांगितले, की त्यांना हे निदान वयाच्या ४१व्या वर्षी कळले.

निदानाला नाव मिळाले, तेव्हा दादा आळशी नाही हे घराला कळले. पण लगेच दुसरी चूक झाली. "आता आजारच आहे म्हटल्यावर वहिनीने जास्त सांभाळायला हवे," असे सगळे म्हणू लागले. मित्रमैत्रिणींनो, माझा वाद आहे तो इथे. दोष संपला म्हणून जबाबदारी संपते काय? पायाने अधू असलेल्या माणसाने काठी घ्यावी, की आयुष्यभर बायकोच्या खांद्यावरच हात ठेवून चालावे? आणि बायकोच विसराळू असती, तर आपण नवऱ्याला "आठवण का नाही केलीस?" असे विचारले असते का?

दोष मला माझाही दिसतो. दादाकडे काही काम असले की मी वहिनीलाच सांगत असे, "दादाला आठवण कर हं." तिच्या डोक्यावरच्या ओझ्यात माझीही एक वीट होती. आता मी दादालाच सांगते, आणि तो माझ्यासमोर मोबाईलमध्ये गजर लावतो. दाराच्या मागे त्याने स्वतः खडूने लिहिले आहे: चावी, डबा, पंप, पोर. डॉक्टरांची गोळी चालू आहे. गोळीने सगळे जमत नाही, पण लिहिलेले पाळायला बळ येते. मागच्या महिन्यात विजेचे बिल भरायचे राहिलेच. तेव्हा दंड भरायला दादाच रांगेत उभा राहिला. वहिनी गेली नाही.

ठाण्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा २०२२ सालापासून आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही. सुरुवात तिथून करता येईल.

माझ्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. शिक्षणाचा उपयोग काय, असे बाबा अधूनमधून विचारतात. माझ्यापुरते उत्तर असे, की त्या रात्री मी गप्प राहिले होते. पुन्हा कुणी वहिनीला तसे विचारले, तर मी गप्प राहणार नाही.

— द्वितीय वर्ष कला